लाल रेघेवर चार बोटं पाणी

१

बुधवारी सकाळी नदीतले मासे पोट वर करून तरंगत आले. शुक्रवारपर्यंत खालच्या वस्तीतली निम्मी मुलं इस्पितळात पोचली होती, कारण वस्तीच्या विहिरी नदीला खेटून आहेत आणि नदीत जे असतं ते दोन दिवसांत विहिरीत उतरतं. रविवारी वस्तीतला म्हातारा शिंपी गेला. अख्खी वस्ती त्याच्याकडे उसवलेलं घेऊन जायची. सोमवारी गावाने गुन्हेगार शोधून काढला, आणि ती माझी भाची निघाली.

भाची सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची प्रमुख. गावाची मोरी आणि कारखान्यांची घाण तिच्या टाक्यांतून जाते आणि मग नदीत सुटते. तिला निलंबित केल्याचं कळलं ते ताईच्या फोनवरून. "तू ये. लगेच ये," एवढंच ताई म्हणाली. ताई फोनवर कमी बोलली की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय.

मी विमा कंपनीचा सर्वेक्षक होतो, आता घरी बसलोय. जन्मभर जळकी गोदामं हुंगली. आग लागली की लावली, हे राखेवरून ओळखण्याबद्दल मला पगार मिळायचा. या धंद्याने माणसाचा स्वभाव बिघडतो. कुणी साधा नमस्कार केला तरी मी मनात विचारतो, का बरं केला असेल?

मी पोचलो तेव्हा ताई सुई-दोरा घेऊन बसली होती. दुःख झालं की तिला हाताला काम लागतं. मी चष्मा काढायला खिशात हात घातला तर चष्म्याची पिशवी एका बाजूने उसवलेली. तिने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि बोलता बोलता शिवूनही टाकली. दोन टाके सरळ, एक उलटा, आणि शेवटी गाठ न मारता दोरा तसाच आत वळवलेला. ही आमच्या आईची शिवण. आईने दोघांनाही शिकवली होती. मला जमली नाही आणि ताईची सुटली नाही.

"गुरुवारी चौकशी समिती बसणार आहे," ताई म्हणाली. "तिने हयगय केली असं ठरलं की पोलिसांच्या ताब्यात देणार. माणूस मेलाय रे. तुरुंगात घालतील पोरीला."

भावोजी खिडकीपाशी बसले होते. गाव त्यांना सर म्हणतं. जन्मभर त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर नदी स्वच्छ ठेवण्यासाठी कारखानदारांच्या खिशातून पैसे काढून दाखवले, जे आजवर कोणत्याच सरकारला जमलं नव्हतं. नेहमी मी आलो की ते मला एखाद्या जुन्या आगीवरून चिडवतात. आज त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"चांगला वकील बघू," ते खिडकीलाच म्हणाले. "उगाच खोदत बसण्यात अर्थ नाही."

ज्याची एकुलती एक मुलगी तुरुंगाच्या दारात उभी आहे, त्या बापाने असं का म्हणावं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण घरच्या माणसांच्या बाबतीत माझं नाकसुद्धा चोंदतं.

२

"मामा, मी पैसे मागितले होते," भाची म्हणाली. आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून उभे होतो. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत. "एकदा नाही, तीनदा. दिले नाहीत."

"कसले पैसे? मला शाळेतल्या पोराला सांगतात तसं सांग."

"केंद्र सगळी घाण काढत नाही. कुठलंच काढत नाही. उरते ती नदी पोटात घेते. नदी भरलेली असली की पचवते. आटलेली असली की तीच घाण विष होते. मग दुसरी टाकी चालू करावी लागते, तिच्यात सारखी हवा सोडावी लागते, औषध दुप्पट घालावं लागतं. त्याचं बिल बघून नगरपालिकेला घाम फुटतो."

"मग दरवर्षी बाजूला काढून ठेवायचे थोडे."

"थोडे म्हणजे किती? पूर्वी सांगता यायचं. आता एक साल पूर, दुसरं कोरडं ठणठणीत. हवामानवाल्यांचे दहा अंदाज असतात, दहाचं तोंड दहा दिशांना. पैसे ठेवले आणि पाऊस झाला तर लोक विचारतात, रस्ते का नाही केले? नाही ठेवले आणि नदी आटली तर..." तिने वस्तीच्या दिशेला पाहिलं. "म्हणून बाबांनी पेटी काढली."

पेटी म्हणजे निधी, भावोजी त्याचे विश्वस्त, पण गावात सगळे पेटीच म्हणतात. कारखानदारांनी दरवर्षी तिच्यात आपला वाटा टाकायचा. पुलाच्या काठालगतच्या खांबावर पाण्याची उंची मोजायची पट्टी ठोकलेली आहे आणि पट्टीवर एक लाल रेघ. पाणी रेघेखाली गेलं की पेटी आपोआप उघडते. ठराव लागत नाही, मतदान लागत नाही, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. पाणी रेघेवर असलं तर मात्र दमडी मिळत नाही, मग कुणी का रडेना.

"बाबा म्हणायचे, माणसं खोटं बोलतात, पट्टी बोलत नाही," भाची म्हणाली. "मासे मेले तेव्हा पट्टीवर रेघेच्या वर चार बोटं पाणी होतं. आजही आहे, बघ. म्हणजे नदी ठीक होती. म्हणजे चूक केंद्राची. म्हणजे माझी."

"आणि तुझ्या केंद्रापाशी नदी कशी होती?"

"खालच्या अंगाला? खडक उघडे पडले होते. मी फोटो पाठवले. ते म्हणाले, नदी कुठे उथळ असते, कुठे खोल. करारात पट्टी लिहिली आहे, खडक लिहिलेले नाहीत."

मी काठावरच्या पायऱ्या उतरून पट्टी जवळून पाहिली. पट्टी सरकवली असणार, अशी माझी पैज होती. पण स्क्रू जुन्या गंजाने जाम झालेले, खांबाच्या दगडावर दुसरी भोकं नाहीत, लाल रंगावर ताजा हात नाही. ती बसवल्यापासून कुणी तिला बोट लावलं नव्हतं.

पट्टी खरी होती. भाचीला मी ती रांगायची तेव्हापासून ओळखतो, तीही खरी. मग खोटं बोलायला फक्त नदीच उरली होती.

३

पुलाच्या टोकाला एक टपरीवजा खोली आहे. पट्टी वाचणारा माणूस तिथे बसतो. गाव त्याला पट्टीवाला म्हणतं. मला बघून त्याने रेडिओ बारीक केला आणि एकदम रडवेल्या आवाजात सुरुवात केली.

"साहेब, मी वाचतो आणि फोन करून कळवतो. मधलं काही करत नाही. आईशप्पथ."

"कुणी तुला सांगितलं का, की जरा वरचा आकडा कळव?"

"सांगितलं असतं तर कळवला असता," तो म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे, गरीब माणूस आहे मी. पण कुणी सांगितलंच नाही! आकडा आपला आपणच वर राहायचा. मलाही नवल वाटायचं. एवढं ऊन, आणि नदी काही रेघेखाली जाईना. नगराध्यक्षा बाईंनी होड्या आणल्या त्यांचा पायगुण असेल म्हटलं."

"पुलाखाली कोण कोण येतं?"

"सगळेच येतात. बाई येतात होड्या बघायला. कापड कारखान्याच्या रंगीला शेठची माणसं दगड बघायला. आणि आपले सर. सर तर रोज उजाडता उजाडता. काखेत कापडी पिशवी, तिच्यात माशांसाठी दाणे. दगडांवर बसून, पाण्यात वाकून, इतक्या मायेने घालायचे! परत जाताना हात पाठीमागे बांधून, शीळ घालत. मासे मेले तेव्हापासून आलेच नाहीत. वाईट वाटलं असणार हो."

मीही मान हलवली. मलाही वाईट वाटलं.

दगड म्हणजे पुलाच्या जरा खाली, नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओळीने मांडलेले मोठाले चौकोनी दगड. माणसाने एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पलीकडे जावं आणि मधल्या फटींतून नदीने आपल्या वाटेने जावं, अशी रचना. नगराध्यक्षा बाई तिथेच भेटल्या. दोन रंगीत होड्या काठच्या चिखलात रुतल्या होत्या आणि बाई त्यांच्याकडे उनाड पोरांकडे बघावं तशा बघत होत्या.

"ही दगडांची वाट माझी कल्पना," मी विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या. "पूल चढून यायला म्हाताऱ्यांना त्रास होतो. आपण म्हटलं, करा."

"गावात म्हणतात, रंगीला शेठची कल्पना."

"दगड त्यांचे, कल्पना माझी. दगडांना डोकं असतं का?" बाईंनी पदराने घाम पुसला. "आणि होड्यांचं बघा! उद्घाटन झालं, फोटो झाले, आणि मेलं पाणी गुडघाभर. आणखी हातभर असतं तर नावं तरी सार्थकी लागली असती. एकीचं नाव जलपरी आहे हो."

"आपल्या हाती असतं तर पाणी वाढवलं असतं?"

"नाहीतर काय! हातभर काय, कंबरभर वाढवलं असतं. निवडणूक आलीये." मग त्यांच्या लक्षात आलं की मी कोणाचा मामा. आवाज खाली आला. "तुमच्या भाचीचं वाईट झालं. पण लोकांना कुणीतरी द्यावंच लागतं, भाऊ. नाहीतर लोक आपल्याकडे बघतात."

असं स्वच्छ बोलणारी माणसं मला आवडतात, पण त्या दिवशी आवडली नाहीत.

४

रंगीला शेठचा कापड रंगवण्याचा कारखाना आहे. जन्मभर रंगाच्या हौदांत पैसा केला, पण स्वतः कायम पांढऱ्या कपड्यांत. म्हणून हे नाव. त्याच्या कचेरीची खिडकी हौदांकडे उघडते, आणि निळ्या वाफेचा वास टेबलावरच्या चहालासुद्धा येतो.

"गाव म्हणतं पट्टीत तुमचा हात आहे," मी सरळच म्हणालो. "पेटी उघडली की तुम्हाला जास्त भरावं लागतं."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"गावाला अर्थशास्त्र कुठे येतं? तुमच्या भावोजींना विचारा, त्यांनीच करार लिहिलाय. पेटी रिकामी झाली की करार संपला. आधीची दोन्ही सालं कोरडी गेली, दोन्ही वेळा पेटी उघडली. आता तळाशी एका खेपेपुरतं उरलंय. यंदा पाणी रेघेखाली गेलं असतं तर पेटी झाली असती रिकामी आणि मी झालो असतो मोकळा. पाणी खाली जावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, साहेब! आणि ती मेली नदी, चार बोटं वर. रोज सकाळी फोन करून विचारायचो. रोज चार बोटं."

"रिकामी झाल्यावर पुन्हा सही केली असती?"

"सरांनी तेव्हा आम्हाला पुराची आणि दुष्काळाची भीती घातली, आम्ही घाबरून सह्या केल्या. एकदा तोंड पोळलं. आता ताकसुद्धा फुंकून पिणार."

बाहेर आलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. रोज चार बोटं. नदी म्हणजे काय औषधाची बाटली आहे, रोज तेवढीच राहायला? आटणारी नदी कधी तीन बोटं असेल, कधी दोन. कुणीतरी तिला चार बोटांवर धरून ठेवलं होतं.

मी पुन्हा पुलावर गेलो. कठड्यावर पडलेलं एक वाळकं पान उचललं आणि पट्टीपाशी पाण्यात सोडलं. मग खिशातून शेंगदाणे काढून खात उभा राहिलो. शेंगदाणे संपले. पान जिथे पडलं होतं तिथेच होतं.

ती नदी नव्हतीच. ते डबकं होतं.

मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून दगडांच्या ओळीत उतरलो. दगडांच्या फटींतून पाणी धावायला हवं होतं. मी पहिल्या फटीत हात घातला तर बुळबुळीत, शेवाळलेलं, मऊ काहीतरी लागलं. दुसऱ्या फटीत तेच. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत प्रत्येक फट उशीएवढ्या वाळूच्या पिशव्यांनी बुजवलेली, एकावर एक, पाण्याच्या पातळीपर्यंत नीट रचून. फक्त मधली एक फट मोकळी होती. तिच्यातून एक बारीक धार खाली जात होती, आणि त्या धारेच्या पलीकडे उघडे खडक, केंद्राचं तोंड आणि मेलेली नदी.

मी एक पिशवी उपसून वर काढली. तिचं तोंड हाताने शिवलेलं होतं. अंगठ्याने शेवाळ पुसलं.

दोन टाके सरळ, एक उलटा. गाठ नाही.

खिशातून चष्म्याची पिशवी काढून शेजारी धरायची काही गरज नव्हती. तरी मी धरली.

५

"माझीच आहे," ताई म्हणाली. तिने ओली पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "नदीकाठच्या बागेतल्या वाफ्यांना बांध घालायचाय म्हणाले. रेती भरून आणायचे, मी तोंड शिवायची, रेडिओ ऐकत. कुठे मिळाली तुला?"

"तू गेलीस कधी ते वाफे बघायला?"

"या गुडघ्यांनी?" ती हसली. मग माझ्या ओल्या विजारीकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. ताईला काही समजावून सांगावं लागत नाही, लहानपणापासून.

"अहो," तिने हाक मारली. "बाहेर या."

भावोजी आले. टेबलावरची पिशवी त्यांनी पाहिली आणि खुर्ची ओढून बसले. सुटल्यासारखे बसले, असं मला वाटलं.

"सांग," ते म्हणाले. "कसं काढलंस?"

"पट्टीवाल्याने केलं असतं तर त्याला पिशव्यांची गरज नव्हती. फोनवर नुसता खोटा आकडा सांगितला असता, कुणी बघायला जात नाही. नगराध्यक्षा बाईंनी केलं असतं तर कंबरभर पाणी चढवलं असतं. त्यांच्या होड्या चिखलात आहेत. रंगीला शेठला तर पाणी रेघेखाली हवं होतं. मग राहतं कोण? ज्याला पेटी रिकामी व्हायला नको होती, ज्याला पट्टीवर हात टाकण्याची लाज वाटत होती, आणि जो रेघेवर चार बोटं एवढंच मोजून घेणारा होता. आणि भावोजी, माशांना दाणे घालणारा माणूस पिशवी घेऊन जातो आणि पिशवी घेऊन परत येतो. तुम्ही परत जाताना हात पाठीमागे बांधून जायचात."

ते विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसे ऐकत होते. "एक राहिलं," ते म्हणाले.

"मधली फट. ती तुम्ही मोकळी ठेवलीत. माशांना वर यायला."

त्यावर त्यांचा चेहरा पिळवटला. "आले नाहीत रे वर," ते म्हणाले. "मी रोज बघायचो. आले नाहीत."

ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "का केलंत?"

"यंदा पेटी उघडली असती तर संपली असती. रंगीला पुन्हा सही करणार नाही, कुणीच करणार नाही. आणि पुढची सालं याहून वाईट आहेत, हे मला दिसतंय. शेवटचे पैसे त्यांच्यासाठी राखायचे होते. दोन आठवड्यांत पाऊस येईल असं दहातले सात अंदाज सांगत होते. दोन आठवडे काढायचे, एवढंच. मी सातांवर भरवसा ठेवला. पाऊस आला नाही. मग आणखी एक पिशवी, आणखी एक..."

"आणि पोरीचं नाव पुढे आलं तेव्हा?"

"मी बोललो असतो तर करार तिथेच मोडला असता. विश्वस्तानेच फसवलं म्हटल्यावर कोण पाळणार? मग पुढच्या दहा सालांत वस्तीतली किती माणसं... मी मांडून बघितलं. पुन्हा पुन्हा मांडलं. तिला त्यातून वगळलं की सगळं नीट जुळतं."

"आणि शिंप्याला," मी म्हणालो.

भावोजी रडायला लागले. मला त्यांची कीव आली आणि भयंकर रागही आला, आणि यातलं काय बोलून दाखवावं ते कळेना. हा माणूस चोर असता तर बरं झालं असतं. चोरांशी कसं वागायचं ते मला येतं.

ताईने पिशवी उचलून मोरीत ठेवली. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात कोण जाणार असं विचारावं तसा.

"उद्या समितीपुढे तुम्ही जाताय, की याला पाठवू?"

६

समिती सभागृहात बसली नाही. भावोजींनी निरोप धाडला होता की पुलावर या, जे सांगायचं ते तिथेच सांगतो. सर म्हणाले म्हणून सगळे आले: समितीचे लोक, नगराध्यक्षा बाई, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला रंगीला, दोन पोलीस, आणि खालच्या वस्तीतून बरेच जण, त्यांत शिंप्याची सून. भाची पट्टीपाशी पायरीवर उभी होती. तिला मी सकाळी सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, तोंड धुतलं आणि माझ्याआधी घराबाहेर पडली.

भावोजींनी भाषण केलं नाही. चप्पल काढली, पाण्यात उतरले, पहिल्या फटीतली पिशवी उपसली आणि काठावर टाकली. मग दुसरी. लोकांना आधी काही कळेना. मग दगडांमधून पाणी फुटलं, त्याचा आवाज झाला, आणि ज्याला नदी माहीत होती त्या प्रत्येकाला कळलं. वस्तीतून कुणीतरी शिवी हासडली. एक दगडही आला, पण लागला नाही. पोलीस पुढे झाले तेव्हा समितीच्या प्रमुखाने त्यांना हाताने थांबवलं.

मी मदतीला उतरणार होतो. ताई म्हणाली, "थांब. त्यांचं त्यांना करू दे."

शेवटच्या पिशव्या निघेपर्यंत ते धापा टाकत होते. पुलाखालचं डबकं आता हललं होतं. पान, काड्या, होड्यांखालचा चिखल, सगळं हळूहळू खाली सरकू लागलं. दम खाऊन त्यांनी हाक मारली.

"किती?"

भाची पट्टीकडे वाकली. "रेघेवर तीन बोटं."

ऊन चढत होतं. पट्टीवाला आपल्या खोलीतून बाहेर येऊन उभा राहिला होता, पण आज त्याला कुणी विचारत नव्हतं.

"किती?"

"एक बोट."

"किती, पोरी?"

तिने वाकून पुन्हा पाहिलं, समितीच्या प्रमुखाला खाली बोलावून त्यालाही दाखवलं, आणि मग मोठ्याने, वस्तीच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रेघेच्या खाली."

पेटी उघडली. ठराव झाला नाही, मतदान झालं नाही. रंगीला हसायला लागला होता, पण शिंप्याची सून त्याच्याकडे बघतेय हे दिसल्यावर गप्प झाला. समितीच्या प्रमुखाने भाचीला विचारलं की आता काय करायचं. तिने उत्तर द्यायच्या आधी फोन काढला आणि केंद्रातल्या माणसाला सांगितलं, "दुसरी टाकी भरायला घे. हवा पूर्ण सोड. मी येतेय."

भावोजी अजून पाण्यातच होते, आता पोटरीपर्यंत उरलेल्या. त्यांनी तिच्याकडे तोंड वर करून पाहिलं.

"पेटी आता रिकामी होणार. करार गेला," ते म्हणाले. "पुढच्या साली काय करणार तुम्ही?"

"पुढच्या साली मी असेन, बाबा," भाची म्हणाली. "दारोदार जाऊन पुन्हा सह्या मागेन. माझं नाव वगळून मांडत होतात ना? आता ते घालून मांडा."

ती पायऱ्या चढून केंद्राकडे निघून गेली. दोन पोलीस काठावर आले, आणि भावोजींना बाहेर यायला त्यातल्याच एकाने हात दिला.

गर्दी पांगल्यावर ताई काठावरच्या पिशव्यांपाशी बसली. मला म्हणाली, एकेक दे. तिने पिशवीच्या तोंडाशी नखाने चाचपून दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. आईची शिवण गाठीशिवायची असते. टोक सापडलं की एका ओढीत उसवते. रेती बाहेर सांडली. ताईचे डोळे वाहत होते, पण हात थांबले नाहीत. मी पुढची पिशवी तिच्या हातात दिली.